जहाजाच्या तळाचें विष आणि समुद्रांतील शेवाळ

(नभोवाणीवरील भाषण)

जहाज बंदरांतून बाहेर पडतांना पाहणाऱ्याची दृष्टि त्याच्या डोलकाठीवर, धुराड्यावर किंवा निशाणावर खिळते. पाण्याखालीं बुडालेला त्याचा तळ कोणाच्या नजरेस पडत नाहीं. तथापि जहाजाचा वेग, त्याच्या प्रवासाचा खर्च आणि पुष्कळदां त्याचें आयुष्यहि या न दिसणाऱ्या तळावर अवलंबून असतें. या तळास शेवाळ व शंखशिंपले चिकटूं नयेत म्हणून मनुष्यानें गेल्या अडीचशें वर्षांत एकामागून एक निरनिराळीं विषें योजिलीं. त्या विषांचा, आणि त्यांच्यापायीं समुद्रांतील वनस्पतींवर जो प्रसंग गुदरला त्याचा, इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रारंभींच एक कबुली देणें मला प्राप्त आहे. मी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकची परीक्षा उतरून समुद्रकांठच्या एका गांवीं मराठी शाळेंत शिक्षकाची नोकरी धरली आणि तेथेंच केस पांढरे केले. एके वर्षीं श्रावणांत, नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली असतां, मी वर्गांतील मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलों होतों. पावसाळ्यापुरत्या शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हां पाण्यांत लोटण्याची तयारी चालली होती. एक नाखवा आपल्या होडीचा तळ खरवडून त्यास तांबडा रंग देत होता. मीं मुलांना सांगितलें कीं, या रंगांत तांब्याचें संयुग असतें आणि त्यामुळें तळास शेवाळ धरत नाहीं. त्या नाखव्याचाच मुलगा माझ्या वर्गांत होता. तो म्हणाला, “गुरुजी, बाबा दर सालीं नवा रंग देतात. मग गेल्या सालचा रंग गेला कुठें?” मीं म्हटलें, “अरे, समुद्रांत धुऊन गेला.” त्यावर त्यानें विचारलें, “मग समुद्रांतल्या शेवाळाला तो बाधत नाहीं काय?”

या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. समुद्र फार मोठा आहे, एवढें बोलून मीं त्यास गप्प बसविलें. पुढें सेवानिवृत्त झाल्यावर वाचनास अवकाश मिळाला, तेव्हां मला समजून आलें कीं, त्या मुलाचा प्रश्न हाच या सर्व इतिहासाचा गाभा आहे. आणि मीं जें उत्तर दिलें तेंच मोठमोठीं आरमारें, कारखानदार व सरकारें दोन शतकें देत आलीं होतीं.

प्रथम शेवाळ तळास लागतें कसें तें पाहूं. कोणतीहि स्वच्छ वस्तु समुद्रांत बुडविली, कीं थोड्याच वेळांत तिच्यावर सेंद्रिय द्रव्याचा एक अतिसूक्ष्म थर बसतो. त्या थरावर जीवाणु येतात. त्यांच्या पाठोपाठ डायाटम नांवाच्या एकपेशी वनस्पती येतात. त्यांचें कवच कांचेच्या जातीच्या सिलिकेचें असतें. पाण्यांतील दगडावर पाय घसरतो तो पुष्कळदां यांच्याच बुळबुळीत थरामुळें. मागाहून मोठ्या शेवाळांचे बीजाणु येतात. ओहोटीच्या वेळीं खडकांवर हिरव्या कापडासारखी पसरलेली उल्वा नांवाची वनस्पति आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिचा बीजाणु मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाएवढा असतो. त्यास चाबकाच्या दोरीसारखे चार बारीक तंतु असतात. त्यांच्या साहाय्यानें पोहत तो बसण्याजोगी जागा शोधीत फिरतो. जागा सांपडली, कीं अंगांतून चिकट द्रव्य सोडून तो तेथें कायमचा ठाण मांडतो. खडक कोणता आणि जहाज कोणतें, हा भेद त्याला ठाऊक नसतो.

तळ खडबडीत झाला म्हणजे पाण्याचें घर्षण वाढतें व जहाज रेंगाळूं लागतें. वाऱ्यावर चालणारें जहाज यामुळें शत्रूच्या हातीं सांपडे. इंधनावर चालणारें अधिक इंधन खातें. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या गोष्टीची जाणीव फार जुनी आहे. तळास चुना व तेल यांचा लेप देण्याची चाल येथें होती, आणि पावसाळ्यांत आरमार छावणीस आणण्याची रीत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत या छावणीचाहि विचार केलेला आहे. चार महिने होडी कोरड्या जागीं राहिली, म्हणजे तळाचें शेवाळ आपोआप सुकून मरतें. विषाचा थेंबहि न सांडतां साधणारा असा हा उपाय होय. परंतु वर्षानुवर्षें परमुलखांत फिरणाऱ्या युरोपीय जहाजांना असा विसांवा मिळणें कठीण होतें. एखाद्या आडबाजूच्या किनाऱ्यावर जहाज कलतें करून तळ खरवडावयाचा, एवढाच मार्ग त्यांस मोकळा असे. शिवाय उष्ण समुद्रांत लांकूड पोखरणारा किडा त्यांच्या फळ्यांची चाळण करी, तें संकट निराळेंच.

या दुहेरी संकटावर उपाय म्हणून ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या ३२ तोफांच्या जहाजाच्या तळास तांब्याचे पातळ पत्रे मढविले आणि तें वेस्ट इंडीजच्या समुद्रांत धाडलें. परत आल्यावर १७६३ सालीं त्याची तपासणी झाली. तांब्याखालचें लांकूड किड्यापासून वांचलें होतें आणि शेवाळाचा उपद्रवहि फारसा झाला नव्हता. परंतु तांबें जेथें लोखंडास टेकलें होतें, तेथें लोखंड पार खाऊन गेलें होतें. कांहीं ठिकाणीं मात्र दोन धातूंच्या मध्यें तपकिरी कागद राहून गेला होता. तेथील लोखंड शाबूत आढळलें. दोन धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस भिडल्या, कीं त्यांच्यामध्यें विद्युत्प्रवाह सुरू होतो, हें ज्ञान त्या काळीं कोणास नव्हतें. तरीहि गुण इतका मोठा होता कीं दोषाकडे काणाडोळा करण्यांत आला. १७७८ सालीं आरमाराचा कंट्रोलर झालेल्या चार्ल्स मिडलटन यानें १७७९ पासून सबंध आरमारास तांबें मढविण्याचें काम नेटानें चालविलें. अमेरिकन वसाहती व फ्रान्स यांच्याशीं युद्ध जुंपलें होतें. अशा वेळीं जलद चालणारें आणि गोदींत कमी वेळ अडकणारें जहाज म्हणजे आरमारास मोठाच आधार होता.

तांब्यावर शेवाळ कां धरत नाहीं, याचा उलगडा मात्र पुढें ५० वर्षांनीं, आणि तोहि एका फसलेल्या प्रयोगांतून झाला. या इतिहासांतील ही सर्वांत बोधप्रद हकीकत असल्यामुळें ती जरा विस्तारानें सांगतों.

तांब्याचे पत्रे समुद्रांत झिजत असत व ते पुनःपुन्हां बदलावे लागत. हा खर्च थांबविण्याचा कांहीं उपाय आहे काय, असा प्रश्न आरमारखात्यानें रॉयल सोसायटीपुढें ठेवला. त्या वेळीं सर हंफ्री डेव्ही हे सोसायटीचे अध्यक्ष होते. विजेच्या साहाय्यानें सोडियम व पोटॅशियम हीं मूलद्रव्यें प्रथम वेगळीं करणारे ते हेच रसायनशास्त्रज्ञ. त्यांनीं विचार केला कीं, तांब्याहून अधिक सहज झिजणारी धातु जर तांब्यास जोडली, तर झीज त्या धातूची होईल आणि तांबें बचावेल. १८२४ सालीं त्यांनीं आपले प्रयोग सोसायटीपुढें वाचले. तांब्याच्या पृष्ठभागाच्या मानानें अगदीं लहानसा ओतीव लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला तरी पुरे होतो, असें त्यांस आढळून आलें. प्रयोगांत तांब्याची झीज खरोखरच थांबली. लगोलग आरमाराच्या जहाजांवर असे लोखंडी संरक्षक बसविण्यांत आले. आपल्याकडे कोचीन येथें सागवानी लांकडांत बांधलेलें व १८२२ सालीं पाण्यांत सोडलेलें ‘सामारांग’ हेंहि त्यांपैकींच एक होतें. तें नोव्हा स्कोशियापर्यंत जाऊन आलें.

परंतु लवकरच निराळ्या तक्रारी येऊं लागल्या. संरक्षित तांब्यावर चुना व मॅग्नेशिया यांच्या क्षारांचें पूट बसूं लागलें, आणि त्या पुटावर शेवाळ व कवचधारी जीव यांनीं आपली वसाहत केली. ‘सामारांग’विषयीं वर्तमानपत्रांतून आलेला मजकूर खोटा आहे, त्याच्या तळावर शेवाळ नव्हतें, असें डेव्ही यांनीं निक्षून सांगितलें, पण इतर जहाजांच्या तळांची स्थिति झांकण्यासारखी नव्हती. तांबें पूर्णपणें सुरक्षित होतें, आणि नेमक्या त्याच कारणानें जहाज चालेनासें झालें होतें! १८२५ सालीं समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरून हे संरक्षक काढून टाकण्याचा हुकूम सुटला. चार वर्षांनीं, १८२९ सालीं, डेव्ही वारले. त्यांचें तत्त्व खोटें नव्हतें. लोखंडी जहाजें गंजूं नयेत म्हणून त्यांच्या तळास आजहि जस्ताचे ठोकळे जोडतात, ते त्याच तत्त्वावर. परंतु त्यांच्या अपयशानें एक गोष्ट उजेडांत आणली: तांबें शेवाळास दूर ठेवतें तें तांबें म्हणून नव्हे, तर तें विरघळतें म्हणून. विरघळणें थांबलें, कीं त्याचा धाकहि संपला.

श्रोतेहो, या एका वाक्यांत पुढचा सारा इतिहास सांठविलेला आहे. तळास जें विष द्यावयाचें, तें तळावर राहून काम करीत नाहीं. तें पाण्यांत उतरतें तेव्हांच काम करतें. आणि एकदां पाण्यांत उतरलें, कीं तें त्या जहाजाचें राहत नाहीं. पुढच्या बीजाणूस मारण्यासाठीं सोडलेला कण बंदराच्या खडकावरील शेवाळासहि गांठतो, आणि शेजारच्या खाडींतील डायाटमलाहि. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर अशा रीतीनें १८२४-२५ सालींच मिळालेलें होतें. परंतु तें त्या दृष्टीनें कोणी वाचलें नाहीं. जहाज वेगानें चालतें कीं नाहीं, एवढेंच तेव्हां पाहावयाचें होतें.

पुढें लोखंडी जहाजें आलीं. लोखंडावर तांब्याचे पत्रे ठोकतां येईनात, कारण तसें केल्यास ‘अलार्म’चीच गत व्हावयाची. म्हणून तांब्याचीं संयुगें रंगांत कालवून तळास लावण्याची युक्ति निघाली. १८६० च्या सुमारास लिव्हरपूल येथें मॅकइन्स यानें असें एक मिश्रण तयार केलें, आणि त्यानंतर अशा रंगांचा सुळसुळाट झाला. कोणी त्यांत पारा घाली, कोणी सोमल. अखेर तांब्याचा तांबडा ऑक्साइड हाच सर्वांत उपयुक्त ठरला, आणि तळास तांबडा रंग देण्याची जी चाल आपण पाहतों ती त्यांतूनच पडली.

तांबें हें वनस्पतीचें निव्वळ वैरी आहे असें मात्र नव्हे. सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करण्याची जी यंत्रणा वनस्पतीच्या पेशींत असते, तींतील एका प्रथिनास तांब्याचा अणु लागतोच. परंतु ही गरज अत्यल्प असते. गरजेपलीकडे तांबें पेशींत शिरलें, कीं तें इतर प्रथिनांना जाऊन चिकटतें, प्रकाशसंश्लेषणाचें काम मंदावतें, पेशींची वाढ व विभागणी खुंटते. मीठ अन्नास चव आणतें आणि तेंच ओंजळभर टाकलें तर अन्न फुकट जातें, तशांतला हा प्रकार.

येथें वनस्पतींनींहि स्वस्थ बसून मार खाल्ला नाहीं. एक्टोकार्पस नांवाचें तपकिरी, तंतुमय असें एक शेवाळ आहे. १९७० सालीं लिव्हरपूल विद्यापीठांतील रसेल व मॉरिस या संशोधकांनीं जहाजाच्या तळावरून घेतलेलें एक्टोकार्पस आणि स्वच्छ किनाऱ्यावरून घेतलेलें एक्टोकार्पस यांची तुलना केली. दोन्ही एकाच जातीचीं. पण किनाऱ्यावरील शेवाळ ज्या प्रमाणांतील तांब्यानें मरे, त्याहून पुष्कळ अधिक तांब्यांत जहाजावरील शेवाळ खुशाल वाढत होतें. तांबें पेशींत शिरूंच न देण्याची शक्ति त्याच्या अंगीं असल्याचें पुढील अभ्यासांत दिसून आलें. कांहीं डायाटमहि असेच निगरगट्ट निघाले. अर्थ उघड आहे. विषानें सर्व शेवाळ मरत नाहीं. नाजूक जाती मरतात आणि निबर उरतात. ज्याला हांकलावयाचें तें शेवाळ तळावर राहतें, आणि ज्याचा कांहीं अपराध नाहीं तें खाडींतून नाहींसें होतें.

तांबें अपुरें पडतें असें दिसल्यावर अधिक जालीम द्रव्याचा शोध सुरू झाला. १९५० नंतरच्या दशकांत हॉलंडांतील उट्रेख्ट येथें कथिलाच्या सेंद्रिय संयुगांचा अभ्यास झाला, आणि त्यांतून ट्रायब्यूटिल टिन हें संयुग पुढें आलें. १९६० नंतर तें तळाच्या रंगांत पडूं लागलें. त्याचा गुण असा कीं, वर्षानुवर्षें तळ स्वच्छ राही. परंतु फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्काशों नांवाचा उपसागर आहे. तेथें कालवांची मोठी शेती चालते, आणि हौशी लोकांच्या होड्यांचीहि तेथें गर्दी असते. १९७७ पासून पुढें चार-पांच वर्षें तेथें कालवांचीं पिलें धरेनात. मोठ्या कालवांचे शिंपले जाड व वेडेवांकडे होऊं लागले. शेती करणारीं कुटुंबें बुडण्याची वेळ आली. शोध करतां करतां बोट या कथिलाकडे वळलें. पिलांवर विषाचा थेट परिणाम झालाच. शिवाय ज्या सूक्ष्म वनस्पतींवर पिलें जगतात, त्या वनस्पतींचीच वाढ या विषानें खुंटते, असेंहि कांहीं संशोधकांनीं दाखविलें. अन्नच नाहींसें झाल्यावर पिलें धरणार कशीं? फ्रान्सनें १९८२ सालीं २५ मीटरहून लहान होड्यांवर हा रंग वापरण्यास बंदी केली. इंग्लंडनें १९८७ सालीं तसेंच केलें. तेथें एका जातीच्या समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचीं इंद्रियें फुटूं लागलेलीं आढळलीं होतीं, आणि त्यास एक लिटर पाण्यांत ग्रॅमचा एक अब्जांश इतकें विषहि पुरे होत होतें. आपणहि यांतून सुटलों नाहीं. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्यांत, गाळांत आणि डायाटमच्या चिकट थरांतहि हीं संयुगें सांपडलीं. शेवटीं २००१ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अंमलांत येऊन हें विष जगांतील जहाजांवरून बाद ठरलें.

या ठिकाणीं गोष्ट संपली असती तर बरें झालें असतें. परंतु कथिलाची जागा रिकामी राहिली नाहीं. लहान होड्यांसाठीं रंग करणारे पुन्हां तांब्याकडे वळले. तांब्यास दाद न देणाऱ्या शेवाळांचें काय करावयाचें? त्यांच्यासाठीं शेतांतील तणनाशकें कामास लावण्यांत आलीं. डायुरॉन हें त्यांतील एक. आणि दुसरें, खास या कामासाठीं पुढें आलेलें, सायब्युट्रिन. बाजारांत तें इर्गारोल १०५१ या नांवानें विकलें जाई. येथें इतिहासानें एक नवें वळण घेतलें. आतांपर्यंतचीं विषें सर्व प्राण्यांना व वनस्पतींना सरसकट बाधत. हीं दोन्ही द्रव्यें मुख्यतः हिरव्या सजीवांवरच नेम धरणारीं होतीं. वनस्पतीच्या पेशींत सूर्यप्रकाशानें सुटलेला इलेक्ट्रॉन एका प्रथिनाच्या द्वारें पुढें सरकत असतो. हें द्रव्य नेमकें त्या द्वारांत अडसरासारखें बसतें. ऊन पडतें, हरितद्रव्यहि जागेवर असतें, पण अन्न तयार होत नाहीं. उलट अडकून पडलेली शक्ति पेशीचाच नाश करूं लागते. सुपीक शेतांत उभें राहून उपाशी मरावें, तशी त्या वनस्पतीची अवस्था होते.

१९९३ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील होड्यांच्या धक्क्यांतील पाणी तपासलें गेलें, तेव्हां त्यांत हें सायब्युट्रिन दर लिटरास १,७०० अब्जांश ग्रॅमपर्यंत सांपडलें. हा आंकडा ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. परंतु १९९६ सालीं स्वीडनमधील डाल व ब्लांक या संशोधकांनीं समुद्रांतील सूक्ष्म शेवाळांचे थर कांचेच्या पट्ट्यांवर वाढवून पाहिलें, आणि दर लिटरास अडीचशें अब्जांश ग्रॅम किंवा त्याहूनहि कमी प्रमाणांत त्यांवर दुष्परिणाम होतो असें दाखविलें. २००२ सालीं बर्मुडा येथील अभ्यासांत प्रवाळांच्या शरीरांत राहून त्यांस अन्न पुरविणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनाहि तें बाधतें असें आढळलें. जहाजाच्या तळाशीं प्रवाळाचा काय संबंध? कांहींच नाहीं. त्याच्या पोटांत एक हिरवी वनस्पति राहते, एवढाच त्याचा अपराध.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा धक्क्याजवळ ब्लांक यांनीं १९९४ पासून दहा वर्षें पाळत ठेविली. सुरुवातीसच पाण्यांत विष होतें. परंतु तेथील शेवाळांच्या समूहांत फरक दिसत नव्हता. त्या वेळीं कोणी म्हटलें असतें कीं, पाहा, कांहीं बिघडलें नाहीं, तर तें खोडून काढणें कठीण होतें. तथापि पुढील वर्षांत त्या समूहांची विष सहन करण्याची शक्ति हळूहळू वाढत गेली. शक्ति वाढली, हें ऐकून बरें वाटेल. परंतु ती वाढली ती नाजूक जाती मागें हटल्या व निबर जातींनीं त्यांची जागा घेतली म्हणून. खडक हिरवाच दिसत होता. पण त्यावर राहणारीं बिऱ्हाडें बदललीं होतीं. बाहेरून जाणाऱ्यास त्याचा पत्ता लागता ना.

इंग्लंडनें २००१ सालीं लहान होड्यांवर या दोन्ही द्रव्यांचा वापर बंद केला, आणि कांहीं वर्षांतच तेथील धक्क्यांच्या पाण्यांतील सायब्युट्रिनचें प्रमाण पुष्कळ उतरलें. युरोपीय संघानें २०१६ सालीं त्यास मान्यता नाकारली. २०२१ च्या जूनमध्यें आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें आपल्या करारांत त्याचा समावेश केला, आणि १ जानेवारी २०२३ पासून जहाजांना तें नव्यानें लावण्यास बंदी झाली. म्हणजे खाडीच्या पाण्यांत विष प्रथम सांपडल्यापासून साऱ्या जगाची बंदी येईपर्यंत तब्बल तीस वर्षें गेलीं. आर्काशों येथें मात्र बंदी चार-पांच वर्षांतच आली होती. हा फरक कां पडला?

माझ्या अल्प बुद्धीस त्याचें कारण असें दिसतें. कालव मेलें, कीं कालव विकणारा आरडाओरड करतो. त्यास भाव असतो, मालक असतो, कर असतो. खडकावरील शेवाळास किंवा डोळ्यांस न दिसणाऱ्या डायाटमला मालक नसतो. त्याच्या वतीनें सरकारदरबारीं अर्ज करणारा कोणी नसतो. वस्तुतः पृथ्वीवर वनस्पती सूर्यप्रकाशांत जें अन्न तयार करतात, त्याचा सुमारें निम्मा वांटा समुद्रांतील या सूक्ष्म वनस्पतींचा आहे. कालव त्यांवर जगतें, मासा त्यांवर जगणाऱ्या जीवांवर जगतो, आणि आपल्या नाखव्यांचीं घरें त्या माशावर चालतात. समुद्राचें हें कुरण आहे. गुरें मेलीं म्हणजे आपण हळहळतों. कुरण जळत होतें तेव्हां मात्र कोणाचें लक्ष नव्हतें.

येथें दुसऱ्या बाजूचाहि न्याय झाला पाहिजे. तळ अस्वच्छ राहिला तर जहाज अधिक तेल जाळतें, आणि तो धूर आपल्याच आकाशांत जातो. तळास चिकटून एका समुद्रांतील जीव दुसऱ्या समुद्रांत जातात व तेथील जीवांस उपद्रव करतात, हेंहि खरें. त्यामुळें सर्व रंग फेंकून द्या, असें म्हणणें म्हणजे घराला ढेकूण लागले म्हणून घरच जाळण्यासारखें होईल. सिलिकॉनचे गुळगुळीत लेप, ज्यांवर शेवाळ बसलें तरी घट्ट धरूं शकत नाहीं व जहाज वेगानें चालूं लागतांच गळून पडतें, असेहि उपाय निघाले आहेत. तळ वेळोवेळीं घांसून स्वच्छ ठेवण्याची जुनी रीतहि नव्या साधनांनिशीं परत येत आहे. तांबें अद्याप वापरांत आहे, आणि तें विरघळल्यावांचून आपलें काम करीत नाहीं, हें सत्य १८२५ इतकेंच आजहि खरें आहे.

या इतिहासापासून शिकावयाचें तें इतकेंच, कीं नवें द्रव्य हातीं येतांच जहाज किती वेगानें चाललें हा एकच प्रश्न विचारून थांबूं नये. रंग झिजला म्हणजे तो गेला कोठें, आणि जेथें गेला तेथें त्यानें काय केलें, हे दोन प्रश्नहि त्याच दिवशीं विचारावे. तांब्याच्या बाबतींत ते विचारले गेले नाहींत. कथिलाच्या बाबतींत कालवें मेल्यावर विचारले गेले. तणनाशकाच्या बाबतींत विचारले गेले, पण उत्तर मिळूनहि अंमल होण्यास दोन-तीन दशकें लागलीं.

तो मुलगा पुढें शाळा सोडून बापाबरोबर दर्यावर जाऊं लागला. आतां तोच होडीचा नाखवा आहे. मागल्या वर्षीं नारळी पौर्णिमेच्या सुमारास मी किनाऱ्यावर गेलों, तेव्हां तो तळास रंग देत होता. मीं त्यास म्हटलें, “बाबा रे, तूं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें होतें.” तो हंसून म्हणाला, “कसला प्रश्न, गुरुजी?” मग मी त्याच्या शेजारीं वाळूवर बसलों आणि ‘अलार्म’ जहाजापासून सुरुवात केली. त्याचा हात रंगावरून फिरत होता; पण आर्काशोंच्या कालवांपाशीं आलों तेव्हां त्यानें कुंचला खालीं ठेविला, डब्यावरील बारीक अक्षरें वाचण्याचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “गुरुजी, यांत काय काय घातलंय तें वाचून सांगा बरें.” चष्मा लावून मीं तें त्यास वाचून दाखविलें. चाळीस वर्षांच्या नोकरींत इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी मला क्वचितच लाभला असेल.